गाव : तळं

लिकोमा बेट माझ्या देशाचं,
भोवतीचं पाणी शेजाऱ्यांचं.
पाहुणे या तळ्याला आधी समुद्र समजतात,
मग ओंजळभर चाखून ओशाळतात.

रात्री पलीकडे कोबुएचे दिवे दिसतात.
तो दुसरा देश, दुसरी नाणी,
सरकारी भाषाही दुसरी.
मवेरा वारा सुटला
की तिथल्या चुलींचा धूर
आमच्या दोरीवरच्या कपड्यांना लागतो.

आगबोटीनं माथियास आला, जिनेव्हाहून.
शाळेच्या वर्गात आम्हा अकराजणांना बसवून
फळ्यावर दोन वर्तुळं काढली.
लहान ते सार्वजनिक आरोग्य,
मोठं ते जागतिक,
लहान मोठ्याच्या पोटात.
भला माणूस, वर्तुळं मात्र फार गोल.
फरक सांगा म्हणाला.
मी बाकाखाली हात लपवले.
क्लोरीननं बोटांची सालं निघाली होती.

सार्वजनिक ते मला माहीत आहे.
संडास आणि विहीर यांच्यामधलं अंतर.
मी ते पावलांनी मोजते,
कमी भरलं तर भांडते,
आणि ज्याच्याशी भांडले
त्याच्याच अंगणात बसून कसावा खाते.
बायकांना सांगते, उसिपा वाळत घालण्याआधी हात धुवा.
त्या म्हणतात, लुसुंगु, मासळीला सांग,
ती तर जन्मभर पाण्यातच होती.

जानेवारीत, मध्यरात्रीनंतर,
ब्वानालीची होडी लागली.
आत रोझालिना, मांडीवर अमिसे.
पोराच्या पोटाची कातडी चिमटीत धरली,
सोडली,
ती तशीच उभी राहिली.
डोळे आत, खूप आत,
कुणी विहिरीच्या तळातून वर बघावं तसे.
साखरमिठाचं पाणी, चमच्यानं, सकाळपर्यंत.
पहिल्यांदा लघवी झाली तेव्हा
रोझालिना हसली आणि मी रडले.
उलटं व्हायला हवं होतं.

मग वही उघडली.
गाव. घर क्रमांक. कुटुंबप्रमुख.
तिच्या गावाचा आकडा माझ्या यादीत नाही.
फोनवर साहेब म्हणाले,
आपल्यातला नाही ना, मग आपल्यात धरू नकोस.
मी गावाच्या रकान्यात लिहिलं : तळं.

महिन्याभरानं तपासनीस आला,
त्यानं लाल शाईनं खोडलं.
मी वर पुन्हा तेच लिहिलं,
थोडं बारीक अक्षरात,
कारण जागा उरली नव्हती.

त्याच साली लस आली.
दोन घोटांची म्हणून शिकवली होती,
आला एकच.
जगात पुरत नाही म्हणाले.
कुठल्या टेबलावर वाटणी झाली ठाऊक नाही.
मी प्रत्येक पोराच्या जिभेवर
त्याचा अर्धा वाटा सोडला
आणि उरलेला अर्धा
कुणाच्या तरी पोराला मिळो म्हणाले.
राग होताच.
दोन्ही खरं.

ब्वानालीच्या होडीतून
मी क्लोरीनची एक बाटली पलीकडे पाठवली,
तिथल्या नर्सबाईंसाठी.
नाव डेल्फिना, एवढंच ऐकून होते.
या खर्चाला माझ्या वहीत रकाना नाही.
आठ दिवसांनी बाटली धुऊन परत आली,
आत चिठ्ठी, पोर्तुगीजमध्ये.
मला त्यातलं काही येत नाही.
तळाशी आकडा होता : १४.

पुढच्या आठवड्यात ९.
मग ४.

माथियास, तुला तेव्हा उत्तर दिलं नाही.
आजही नीट देता येत नाही.
तुझी ती मोठ्या वर्तुळाची रेघ आहे ना,
ती मी कधी पाहिलेली नाही.
मला फक्त एक होडी दिसते
आणि होडीत बाटली,
झाकण घट्ट लावलेली.

काल चिठ्ठी आली.
६.

मी दुसरी बाटली भरायला घेतली.